बर्फ खाली मुरेपर्यंत

बाबा : म्हणजे सत्कार नाहीये?

मैथिली : हळू बोला ना, बाबा. इथे क्योतोच्या बसमध्ये कुणी मोठ्याने बोलत नाही.

बाबा : कुणी बोलत नाही म्हणून मी विचारूही नको? शाल आणलीय मी पुण्याहून. नारळासाठी तुझ्या अंबरीषदादाला तिकडे तोक्योजवळ उरायासुभर फिरवलं. तूच म्हणालीस ना, मंगोलियाच्या माळावर वर्षानुवर्षं झाडं लावणारे गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे चला म्हणून? मी काय समजायचं?

मैथिली : चला एवढंच म्हटलं होतं. सत्कार तुमच्या मनानेच ठरवलात.

बाबा : बरं, मग चाललोय कशाला?

मैथिली : परवानगी मागायला.

बाबा : कसली?

मैथिली : त्यांची झाडं तोडायची.

बाबा : बेल कुठली दाबायची असते? मी उतरतो.

मैथिली : बाबा, बसा हो. सगळी नाही, मधला एक तुकडा. ऐकून तर घ्या.

बाबा : अगं, रिटायर झाल्यापासून रोज पहाटे खांद्यावर पाण्याचा कॅन घेऊन टेकडी चढतो मी. गुडघे गेले त्यात. आणि माझ्याच मुलीबरोबर झाडं तोडायची परवानगी मागायला जाऊ? ग्रूपवर कळलं तर तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

मैथिली : मी तिकडे काय करते, ते ग्रूपवर काय सांगितलंत तुम्ही?

बाबा : जमिनीला शॉक देते म्हणून. पाटणकर म्हणाला, जमीन काय गुन्हा करते बिचारी?

मैथिली : शॉक नाही हो. जमिनीत सळया ठोकायच्या, एकीतून करंट सोडायचा आणि जमीन त्याला किती अडवते ते बघायचं. ओली जमीन करंट सहज जाऊ देते, कोरडी अडवते. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी खड्डा न खणता खाली किती ओल आहे ते कळतं. आता ऐका. माळावर नुसतं गवत आहे तिथे खालपर्यंत ओल आहे. या गृहस्थांनी, किताओका-साननी, आणि त्यांच्या झाडं लावणाऱ्या मंडळाने पॉप्लरचा जो लांबच लांब पट्टा लावलाय, त्याच्याखाली माणूसभर खोल गेलं की करंट पुढे जातच नाही. खाली ठणठणाट आहे.

बाबा : झाडं पाणी धरून ठेवतात. शेंबडं पोर सांगेल.

मैथिली : पाऊस भरपूर असेल तिथे. पुण्यात एका जुलैत पडतो तेवढा तिथे अख्ख्या वर्षात पडतो. तेवढ्यावर गवताचं भागतं. पॉप्लरचं नाही भागत. ते खालची पुंजी उपसतात, आणि ती संपली की शेंड्याकडून वाळायला लागतात. मग मंडळाचे लोक येऊन मेलेल्याच्या जागी नवीन लावतात.

बाबा : मग झालं की तुझं. सापडलं ना? लिही आणि मोकळी हो.

मैथिली : नाही झालं. मागच्या सेमिनारला एकजण उठून म्हणाले, ती जागा आधीपासूनच कोरडी नव्हती कशावरून? ओसाड दिसली म्हणूनच तर तिथे झाडं लावली असतील. आणि त्यांचं बरोबर आहे, बाबा. लावायच्या आधी कुणी मोजलंच नाही.

बाबा : म्हणून तोडायची?

मैथिली : पट्ट्याच्या मधोमध एक तुकडा. तिथे बर्फ पडेल, वितळेल, खाली मुरेल. मग पुन्हा सळया ठोकायच्या. करंट जायला लागला तर पाणी झाडंच पीत होती. नाही गेला तर मी चुकले.

बाबा : आणि तोडलं नाहीस तर?

मैथिली : तर प्रबंधात 'कदाचित' लिहावं लागेल. आणि ते 'कदाचित' वाचून पुढच्या वसंतात मंडळ आणखी दोन डोंगरांपर्यंत झाडं लावेल. ठरलंय त्यांचं. मला 'कदाचित' लिहायचं नाहीये.

बाबा : डॉक्टरेट लांबेल ना?

मैथिली : लांबेल. संध्याकाळी कोनबिनीत बाइतो करीन. अर्धी लॅब करते.

बाबा : दुकानात पार्ट टाइम! आईला हे तूच सांग. मी सांगणार नाही. आणि परवानगी पत्र लिहून मागता येत नाही का?

मैथिली : येते. मग मंडळाच्या बैठकीत ते वाचतात, सगळे माना हलवतात, 'विचार करू' म्हणतात, आणि विषय तिथेच संपतो. आमचे गाइड सेन्सेई म्हणाले, इथे निर्णय बैठकीत होत नाही, बैठकीच्या आधी घरोघरी जाऊन होतो. आधी किताओका-सानच्या घरी जा. ते हो म्हणाले तर बाकीचे म्हणतील.

बाबा : आमच्या सोसायटीत दुसरं काय होतं? पण यात मी कशाला?

मैथिली : वडिलांना घेऊन आलेल्या मुलीला दारातून परत पाठवत नाहीत, असंही सेन्सेई म्हणाले.

बाबा : म्हणजे शोभेला.

मैथिली : आधाराला हो. भीती वाटतेय मला. खरंच वाटतेय.

बाबा : हं. मी बोलणार नाही काही. पण शाल देणार.

मैथिली : आज नको ना. इथे कुणी काही दिलं की परतफेडीचं ओझं होतं माणसावर. वाटेल, शाल देऊन झाडं मागायला आलेत. अगदी द्यायचीच तर निघताना द्या.

बाबा : निघताना दिली तर झाडांची पावती दिल्यासारखं होईल. काही कळतं का तुला?

मैथिली : बेल दाबा. आला आपला स्टॉप.

(किताओका-सान यांच्या घरी. मैथिली त्यांच्याशी जपानीत बोलते आणि बाबांशी मराठीत. बाबा आणि किताओका-सान यांना एकमेकांची भाषा येत नाही.)

किताओका-सान : या, या. घर लहान आहे. एकट्या माणसाचं घर, आवरलेलं नाही. क्षमा करा.

मैथिली : आम्हीच क्षमा मागायला हवी. वेळ दिलात, फार आभार. हे माझे वडील.

बाबा : नमस्कार, नमस्कार. मैथिली, ही पिशवी धर. सर, जरा असे उभे राहता? वन मिनिट.

मैथिली : बाबा! बसमध्ये काय ठरलं होतं?

बाबा : काही ठरलं नव्हतं. आत्ता दिली म्हणजे ती फक्त त्यांनी केलेल्या कामासाठी. पुढचं तुझं तू बघ. हां, सर, अशी दोन्ही खांद्यांवरून. आणि हा नारळ. व्वा.

किताओका-सान : मैथिली-सान, वडील काय करत आहेत?

मैथिली : आमच्याकडे मोठं काम केलेल्या माणसाला शाल पांघरतात. बाबाही झाडं लावतात, आमच्या गावच्या टेकडीवर. तुमच्याबद्दल ऐकलं तेव्हापासून त्यांच्या मनात होतं. मी जे बोलायला आलेय त्याच्याशी या शालीचा संबंध नाही. तसं कृपया समजू नका.

किताओका-सान : म्हणजे काहीतरी बोलायला आला आहात.

मैथिली : हो.

किताओका-सान : बसा. चहा ओततो. शाल उबदार आहे. अंगावर राहू दिली तर चालेल ना?

मैथिली : बाबा, शाल अंगावरच ठेवू का विचारताहेत.

बाबा : ठेवा म्हणावं! लोकरी आहे, धुताना गरम पाणी नको म्हणून सांग.

किताओका-सान : वडिलांना हेही सांगा की मी काही झाडांचा जाणकार नाही. टोफूचं दुकान होतं माझं. दर वसंतात मंगोलियाकडून पिवळी धूळ येते इथे, तुम्हीही पाहिली असेल. गाड्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर. माझ्या बायकोला दम्याचा त्रास होता. ती खिडक्यांना ओली फडकी लावून बसायची. एकदा म्हणाली, ही धूळ जिथून उठते तिथे जाऊन कुणी तिला धरून का ठेवत नाही? दुकान मुलाकडे दिलं आणि मी गेलो.

मैथिली : मला हे माहीत नव्हतं.

किताओका-सान : कुणी विचारत नाही. फोटो काढतात. बोला आता.

मैथिली : किताओका-सान, तीन उन्हाळे मी तुमच्या पट्ट्यात मापं घेतेय. झाडांखाली खोलवर जमीन कोरडी पडलीय. शेजारी गवताखाली तशी नाही. मला वाटतं ते पाणी झाडांनी ओढून घेतलंय. पण सिद्ध करता येत नाही. त्यासाठी पट्ट्याच्या एका तुकड्यातली झाडं कापून, तिथे ओल परत येते का ते पाहावं लागेल. ती परवानगी मागायला आलेय.

किताओका-सान : अच्छा.

मैथिली : मला कल्पना आहे, हे विचारणंसुद्धा...

किताओका-सान : आज हवा चांगली आहे. मेपल अजून लाल झालेला नाही, पण होईल लवकरच. आणखी थोडा चहा घेणार?

मैथिली : नको, नको. आम्ही बराच वेळ घेतला तुमचा. बाबा, उठा. निघू या.

बाबा : का? काय म्हणाले?

मैथिली : आणखी चहा हवा का म्हणाले. क्योतोत असं विचारलं की समजायचं, आता निघा. संपलं, बाबा. नाही म्हणाले ते.

बाबा : असं चहा विचारून नाही म्हणतात? मला हवाय चहा. सर, यस! टी, यस. अर्धा कप.

मैथिली : बाबा, अहो...

किताओका-सान : हा हा! वडील घेणार म्हणतात? कित्येक वर्षांत या घरात कुणी खरंच दुसरा कप घेतलेला नाही. थांबा, नवीन पाणी ठेवतो.

मैथिली : माफ करा, त्यांना इथली रीत माहीत नाही.

किताओका-सान : बरं झालं. रीत माहीत असलेल्या माणसांना मी नेहमी वेळेवर वाटेला लावतो. आता पाणी उकळेपर्यंत तरी बसायला हवं तुम्हाला. मला सांगा, वडिलांचं काय मत आहे? तुमच्या या मागणीबद्दल?

मैथिली : बाबा, तुमचं मत विचारताहेत.

बाबा : मी बोलणार नव्हतो. पण विचारलंच आहे तर सांग. त्यांच्या जागी मी असतो तर दिली नसती परवानगी. झाड म्हणजे काही भिंतीतला खिळा नाही, काढून बघू आणि नाही जमलं तर परत ठोकू म्हणायला. माझी पोर आहे तरी सांगतो. जसंच्या तसं सांग हं. तुझं काहीतरी गुळमुळीत नको.

मैथिली : ...बाबा म्हणतात, ते तुमच्या जागी असते तर त्यांनी नकार दिला असता. म्हणतात, झाड म्हणजे भिंतीतला खिळा नाही, काढून पुन्हा ठोकायला.

किताओका-सान : तुम्ही हे सगळं सांगितलंत मला.

मैथिली : त्यांनी जसंच्या तसं सांगायला सांगितलं. आणि तुमच्यापासून ते लपवणं बरोबर नव्हतं.

किताओका-सान : वडिलांना विचारा, त्यांच्या टेकडीवर झाडांच्या आधी काय होतं?

मैथिली : बाबा, आपल्या टेकडीवर झाडं लावायच्या आधी काय होतं, विचारताहेत.

बाबा : काही नव्हतं. नुसतं गवत.

मैथिली : म्हणतात, काही नव्हतं. नुसतं गवत.

किताओका-सान : मीसुद्धा अगदी हेच सांगत आलो. प्रत्येक भाषणात. 'तिथे काही नव्हतं. नुसतं गवत.' मैथिली-सान, आमच्या पट्ट्याशेजारी ज्यांचा तंबू असतो, ते मेंढपाळ आजोबा माहीत आहेत ना तुम्हाला?

मैथिली : हो. मीठ घातलेला चहा देतात. मला तो संपता संपत नाही.

किताओका-सान : दरवर्षी आम्ही जातो. ते चहा देतात, ताक देतात, आमच्या माणसांना झोपायला जागा देतात. झाडांबद्दल मात्र आजवर एक शब्द बोललेले नाहीत. वाईट नाही, चांगला नाही. नवीन रोपं उतरवली की तंबूत जाऊन बसतात. मला वाटायचं, संकोची माणूस आहे. मी तर क्योतोचा माणूस. समोरचा गप्प बसून 'नको' म्हणतोय हे दुसऱ्या कुणाला नाही तर निदान मला कळायला हवं होतं.

बाबा : काय म्हणताहेत? चेहरा उतरला त्यांचा. मी फार टोचून बोललो का?

मैथिली : नाही. तिथल्या मेंढपाळाला ही झाडं कधीच नको होती, तो गप्प बसून तेच सांगत होता आणि आपल्याला कळलं नाही, असं म्हणताहेत.

बाबा : अरेरे.

मैथिली : बाबा?

बाबा : आपल्या टेकडीवर चंडोल असायचे गं. तू लहान होतीस. सकाळी गवतातून एकदम सरळ वर जायचे, गात गात, आणि दिसेनासे व्हायचे. तू मान वर करकरून पडायचीस. आम्ही पहिल्यांदा गिरिपुष्प लावलं, भराभर वाढतं म्हणून. मग चंडोल गेले. मी म्हणायचो शहर वाढलं, गाड्या वाढल्या. पक्षी बघणारी एक मुलगी आली होती सांगायला, गवतात राहणारे पक्षी आहेत काका, त्यांना झाडं नको असतात. हाकलली मी तिला. म्हटलं, आधी एक झाड लावून दाखव. वाईट वाटतंय आता.

मैथिली : हे सांगू त्यांना?

बाबा : सांग. मघाचं सांगितलंस तर हेही सांगायला हवं. आणि झाडं मी लावतच राहणार, तेही सांग. पण आधी विचारून लावीन.

मैथिली : किताओका-सान, आमच्या टेकडीवर गवतात राहणारे पक्षी होते, चंडोल. झाडं वाढली आणि ते गेले. बाबा म्हणतात, एका मुलीने त्यांना हे सांगितलं होतं आणि त्यांनी तिला हाकललं. म्हणतात, झाडं लावणं सोडणार नाही, पण यापुढे आधी विचारीन.

किताओका-सान : तुमच्या वडिलांनी दुसरा कप मागितला हे चांगलं झालं. पाणी उकळलं. घ्या.

बाबा : थँक यू, सर. अरिगातो. नातीने, ओवीने शिकवलंय मला.

किताओका-सान : नकाशा आणला आहे का? दाखवा, कुठला तुकडा?

मैथिली : हा. पश्चिमेकडचा. पट्टा इथे जरा वळतो. इथली झाडं तशीही वाळायला लागलीत, तोडली तर फार वाटणार नाही. आणि नावाच्या पाट्या असलेली झाडं यात येत नाहीत. तुमच्या पत्नीच्या नावाचं झाड मधल्या भागात आहे, त्याला अजिबात धक्का लागणार नाही.

किताओका-सान : तुमची मापं कुठली आहेत? तीन उन्हाळ्यांची?

मैथिली : मापं... मधल्या भागातली.

किताओका-सान : मग तुकडा पश्चिमेला का?

मैथिली : मधलाच मागणार होते. आत्ता इथे बसून मी सरकवला.

किताओका-सान : पश्चिमेला तोडून तुम्हाला हवं ते उत्तर मिळेल?

मैथिली : अर्धवट मिळेल. कडेला शेजारच्या गवताखालून ओल सरकून येते. ते सेमिनारमधले गृहस्थ पुन्हा उठतील, आणि पुन्हा त्यांचंच बरोबर असेल.

किताओका-सान : म्हणजे झाडं जातील आणि प्रश्न तसाच राहील.

बाबा : काय झालं?

मैथिली : बाबा, जिथे खरं माप घेता येईल तिथे त्यांच्या बायकोच्या नावाचं झाड आहे. मी ती जागा टाळली आणि नकाशावर तुकडा दुसरीकडे सरकवला. ते त्यांनी ओळखलं.

बाबा : अगं, मग खोटं काम करायला एवढ्या लांब आलीस? बसमध्ये मला काय म्हणालीस, 'कदाचित' लिहायचं नाहीये. मग हे काय? एक तर माग नाही तर मागू नको. माणूस समोर बसलाय, त्याच्या तोंडावर माग.

मैथिली : किताओका-सान, मी चुकले. मला मधला तुकडा हवा आहे. तुमच्या पत्नीचं झाड त्याच्या बरोबर मध्ये येतं. ते ठेवून चालणार नाही, त्याची मुळं सगळीकडे पसरलेली असतील. ते झाड तोडायची परवानगी द्या, अशी माझी विनंती आहे. नाही म्हणालात तर मी पश्चिमेचा तुकडाही मागणार नाही.

किताओका-सान : आता तुम्ही विचारलंत.

मैथिली : हो.

किताओका-सान : तिने ते झाड पाहिलं नाही. ती गेल्यावर लावलं मी. तिला झाडांचं विशेष काही नव्हतं, खरं सांगायचं तर. तिला धूळ नको होती. ते झाड वाळलं, गवतही गेलं आणि तिथून धूळ उठली, तर मी तिच्या नावाने काय केलं?

मैथिली : ते अजून सिद्ध झालेलं नाही. मीच चुकत असेन.

किताओका-सान : चुकत असाल तर?

मैथिली : तर मंडळापुढे उभी राहून सांगेन की तुमचं झाड माझ्या चुकीमुळे गेलं. मग तिथे गवत यायला लागेपर्यंत दर उन्हाळ्यात जात राहीन.

किताओका-सान : तोडा. मधला तुकडा. बैठकीत मी सांगेन, तुम्ही मागच्या रांगेत बसा. आणि तोडण्याआधी मेंढपाळ आजोबांना विचारा. मी विचारलं नव्हतं. जमीन उत्तर द्यायला किती वेळ घेईल?

मैथिली : निदान दोन हिवाळे. बर्फ वितळून तितकं खाली मुरायला तेवढा वेळ लागतोच. लवकर करता येत नाही.

किताओका-सान : दोन हिवाळे. मी चौऱ्याऐंशीचा आहे, मैथिली-सान.

मैथिली : माहीत आहे मला. म्हणूनच विचारायचा धीर होत नव्हता.

किताओका-सान : पत्र पाठवू नका. अहवाल तर नकोच, मला डोळ्यांनी धड वाचता येत नाही. आकडे घेऊन इथे या, याच खोलीत, आणि तोंडाने सांगा. मी बरोबर होतो की तुम्ही, काहीही असो.

बाबा : काय म्हणाले? मैथिली, रडू नको, आधी सांग. नाही म्हणाले का?

मैथिली : हो म्हणाले. दोन हिवाळ्यांनी इथेच येऊन सांग म्हणाले. म्हणजे, तोवर मी असेन, असंच म्हणाले ते.